फौजदाराची संध्याकाळची सुई

थोरली आणि धाकटी या सख्ख्या बहिणी एकमेकींशी बोलत नसत. जे काय बोलायचं ते फौजदाराशी बोलत, आणि फौजदार हा बोका होता.

"फौजदार, तिला सांग, चहा निवतोय," धाकटी स्वयंपाकघरातून म्हणे.

"फौजदार, विचार तिला, मोठी कात्री कुठे गाडून ठेवलीय," थोरली मशीनवरून ओरडे.

फौजदार कुणाला काही सांगत नसे की विचारत नसे. कापडाच्या तुकड्यांच्या टोपलीत आपला अगडबंब देह पसरून तो एक डोळा उघडे, ही दोन माणसं अजून जागेवर आहेत एवढी खात्री करून घेई आणि पुन्हा मिटे. निरोप मात्र पोचत. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढ्याशा घरात निरोप न पोचायला झालंय काय! अशी दोन वर्षं निघाली होती. दुकानात येणाऱ्यांना वाटे, काय मायाळू बायका आहेत, बोक्याशी दिवसभर गप्पा मारतात.

दुकान जुन्या कपड्यांच्या दुरुस्तीचं. उसवलेलं शिवायचं, घट्ट झालेलं सैल करायचं, सिगारेटने पडलेलं भोक रफू करून बुजवायचं. थोरली मशीनवर बसे आणि गिऱ्हाइकं सांभाळे. तिच्या नाकावर माशी बसत नसे, पण हिशेबाला आणि दिलेल्या शब्दाला ती पक्की होती. धाकटीचा हात रफूचा. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून दोरा काढून ती भिंगाखाली भोक असं बुजवी की मालकाला ते शोधावं लागे. दोघींचीही लग्नं झाली नव्हती. का, हे विचारणारी माणसंही आता उरली नव्हती.

अबोला आईवरून झाला. आई बरेच महिने अंथरुणाला खिळून होती. वर आईचं सगळं धाकटी करी, कारण खाली दुकान चालवल्याशिवाय तिघींच्या तोंडात घास पडणार नव्हता आणि ते थोरलीचं काम होतं. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, पुन्हा दवाखान्यात न्यायचं का, नळ्या लावायच्या का. धाकटी म्हणाली, "नको. पुरे झालं तिला." थोरली तेव्हा काही बोलली नाही. आई घरीच गेली, आपल्या अंथरुणात. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी दोघी आईची चादर घडी करत होत्या, दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या, आणि थोरली म्हणाली, "कंटाळली होतीस तू तिला. म्हणून नेलं नाहीस."

असं बोलतं का कुणी? पण दुःखात माणूस वाटेल ते बोलून जातो, आणि मग 'तसं नव्हतं मला म्हणायचं' एवढं म्हणायला जीभ वळत नाही. थोरलीची तर मुळीच वळत नसे. धाकटीने चादरीची घडी पुरी केली, कपाटात ठेवली आणि त्यानंतर थोरलीला उद्देशून एक अक्षर काढलं नाही. फौजदार तेवढा मध्ये राहिला.

तर हा फौजदार आजारी पडला. कळलं ते त्याच्या वाळूच्या ट्रेवरून. वरच्या मजल्यावर न्हाणीघराच्या दाराशी हा ट्रे असे. एरवी सकाळी त्यातून मुठीएवढे गोळे काढून टाकले की दिवसाचं काम झालं. आता गोळे कसले, तळाशी नुसता चिखल होऊ लागला. फौजदार पाण्याचा वाडगा संपवून न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालू लागला. खाई तर असा की जन्माचा उपाशी, आणि तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला. मग तो ट्रेच्या बाहेर बसू लागला. आधी ट्रेशेजारी, मग पायपुसण्यावर, आणि एके सकाळी थोरलीच्या चपलेत.

"फौजदार, तिला सांग, ट्रे वेळच्या वेळी साफ केला असता तर ही वेळ आली नसती," थोरली चप्पल नळाखाली धरून म्हणाली.

"फौजदार, तिला सांग, काल दिवसभर तेच करत होते. तिचे डोळे कुठे होते?"

फौजदार दोघींच्या मधून चालत गेला. तेव्हा थोरलीच्या लक्षात आलं की तो मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून, फरफटल्यासारखा चालतोय. तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटीनेही तेच पाहिलं होतं. दोघींनी दुकानाची फळी ओढली, टोपलीत टॉवेल घातला आणि टोपलीचा एकेक कान धरून फौजदाराला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या आणि आडपडदा न ठेवता बोलत. रक्त तपासून त्या म्हणाल्या, "मधुमेह आहे याला."

"बोक्याला?" थोरली म्हणाली.

"बोक्यांनाही होतो. त्यातून हा असा बसून खाणारा." त्यांनी फौजदाराच्या पोटावर हात ठेवला. "लघवीतही जंतू सापडलेत. त्याला खूप लघवी होते, होताना जळजळतं आणि ट्रे ओला असला की तिथे पाय ठेवावासा वाटत नाही. मुद्दाम करत नाहीये तो. मोठा ट्रे घ्या, जोडीला आणखी एक ठेवा, कड बुटकी असू दे, पाय उचलत नाहीत त्याचे. आणि रागावू नका त्याला."

मग त्यांनी इन्सुलिनचं सांगितलं. सकाळ-संध्याकाळ, खाणं झालं की, मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून. "एखादी वेळ चुकली तर आभाळ कोसळत नाही. पण दोनदा दिलं गेलं तर साखर धाडकन उतरेल आणि बोका हातचा जाईल. शंका असेल तर देऊ नका. दिलं की भिंतीवर खूण करत जा. घरात करणार कोण हे?"

"मी," दोघी एकदम म्हणाल्या.

आयुष्य सुईदोऱ्यात गेलेल्या बायका, पण पहिल्या दिवशी ही सुई कशी धरायची ते दोघींनाही जमेना. थोरलीने तर फौजदाराऐवजी स्वतःच्या बोटात टोचून घेतली. पुढे हात बसला. सकाळची सुई थोरलीची, संध्याकाळची धाकटीची, असं न ठरवताच ठरलं. भिंतीवर खूण काही कुणी केली नाही. तिची गरजच पडली नाही, कारण जी सुई देई ती मोठ्याने म्हणे, "फौजदार, झाली हं तुझी सुई," आणि हे दुसरीला जिथे असेल तिथे ऐकू जाई. सुया टाकायला स्वयंपाकघराच्या ओट्याखाली पत्र्याचा एक डबा ठेवला होता.

आणि गंमत अशी की या आजारपणात घरातलं बोलणं वाढलं. "फौजदार, तिला सांग, आज कशी मुकाट्याने घेतलीस सुई." "फौजदार, तिला सांग, तिचा हात हलका आहे, माझा जड." एकदा तर नव्या ट्रेत फौजदार शहाण्यासारखा बसला, वाळू ओढून बाहेर आला, आणि दोघी आपापल्या खोलीच्या दारातून बघत होत्या त्या एकदम हसल्या. हसल्यावर दोघींनीही नजर फिरवली. पण थोरली त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्या हसण्याचाच विचार करत होती. तिला आता आशा वाटू लागली होती. आज हसली, उद्या चुकून सरळ बोलून जाईल. मग आपणही ते आईबद्दलचं काढू कधीतरी, ओघात. फौजदार जगला पाहिजे होता. तो गेला तर या घरात कुणाच्या तोंडून काय निघणार होतं? थोरलीने देवाकडे कधी काही मागितलं नव्हतं, पण फौजदाराचं आयुष्य ती मागू लागली.

मग कोटाचं झालं. मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलच्या दारात उभा राहणारा एक दरवान होता, उंचापुरा, आवाजाने मात्र मऊ. त्याचा गडद तांबडा लोकरी कोट, बाह्यांवर सोनेरी पट्ट्या, कोपरात झिजलेला. धाकटीने कोपर रफू केला होता, थोरलीने आतलं अस्तर बदललं होतं, आणि कोट शेवटच्या इस्त्रीसाठी खुर्चीवर टाकला होता. धाकटी इन्सुलिन आणायला गेली होती. जवळच्या औषधवाल्याकडचं संपलं होतं, म्हणून तिला लांब जावं लागलं. तेवढ्यात वरचे दोन्ही ट्रे ओले झाले. फौजदार जिना उतरून एकेक पायरी फरफटत खाली आला, खुर्चीवरून घसरून पडलेल्या कोटावर चढला आणि तिथे बसला. थोरली धावेपर्यंत पाठीवर हा एवढा डाग पसरला होता.

आणि दरवान दारात उभा. त्याने डाग पाहिला, बोक्याकडे पाहिलं, आणि भांडला असता तर बरं, असं काहीतरी हळू आवाजात म्हणाला. "बाई, कोट नसला की मला मागे भांडी घासायला पाठवतात."

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. दिलेला शब्द आजवर तिने मोडला नव्हता. धाकटी औषधाला गेली आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. ट्रे तिला स्वतःलाही साफ करता आला असता, हेही ठाऊक होतं. पण राग आला की ठाऊक असलेलं कुठे उपयोगी पडतं? धाकटी बर्फाचा थर्मास छातीशी धरून, घामाघूम होऊन आत आली, तर थोरली तिच्याकडे न बघता म्हणाली, "फौजदार, तुझेही दिवस भरले रे. आईला कंटाळली तशी ती तुलाही कंटाळली."

धाकटी वर गेली, औषध फ्रीजमध्ये ठेवलं, दोन्ही ट्रे धुतले, पुसले, नवी वाळू घातली. आणि त्या दिवसापासून ती फौजदाराशीही बोलेनाशी झाली.

काम ती सगळं करी. फौजदाराला मांडीवर घेई, त्याच्या कानामागे खाजवी, संध्याकाळी खाणं घालून सुई देई. पण मुक्याने. थोरली दोनचारदा म्हणाली, "फौजदार, तिला विचार, तू खाल्लंस का नीट." उत्तर आलं नाही. मग थोरलीही हट्टाला पेटली. मी का म्हणून पुढे पुढे करू? घरात आता फक्त मशीनचा आवाज येई, आणि फौजदाराच्या पाणी पिण्याचा.

कोट दोनदा धुवावा लागला. वास गेल्याची खात्री झाल्यावर थोरलीने तो इस्त्री केला आणि एका संध्याकाळी स्वतः हॉटेलवर घेऊन गेली. मागच्या दाराने आत जायला लागलं. दरवान नव्हता, थांबायला लागलं. त्याने कोट घेतला, उलटसुलट करून हुंगला, आणि "ठीक आहे" म्हणाला. एवढंच. थोरली परत आली तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. सुईची वेळ कधीच टळून गेली होती.

वर आली तर धाकटीच्या खोलीचं दार बंद. दाराखाली उजेड नाही. स्वयंपाकघरात फौजदाराचा वाडगा चाटूनपुसून लख्ख, आणि फौजदार फ्रीजसमोर बसून घसा फाडून ओरडत होता.

थोरलीने बंद दाराकडे पाहिलं. म्हणजे खाणं नाही, सुई नाही. बोलणं सोडलंच होतं, आता करणंही सोडलं. माझ्यावरचा राग मुक्या जनावरावर काढला हिने. मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणतात, पण थोरलीच्या मनात त्या घटकेला पालीची शेपूटसुद्धा हलली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, शंका असेल तर देऊ नका. शंका कसली? तिची खात्री होती. आणि त्या खात्रीत थोडं समाधानही होतं, हे सांगायला वाईट वाटतं, पण होतं. बघा, मी म्हटलं तसंच निघालं की नाही!

ओट्याखालच्या डब्याचं झाकण उघडायचा अवकाश, वरतीच आजची सुई पडलेली दिसली असती. तिने झाकण उघडलं नाही. दार ठोठावलं नाही. वाडग्यात खाणं घातलं. फौजदाराने ते हुंगलं, दोन घास खाल्ले आणि सोडून दिलं. मघापासून ओरडणारा बोका खाणं का सोडतो, हेही तिला खटकलं नाही. तिने सुई भरली, कातडी चिमटीत धरली आणि टोचली. मग बंद दाराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "झाली हं तुझी सुई. कुणी नसलं तरी मी आहे."

खाली उरलेली इस्त्री आटोपून ती वर आली, तेव्हा फौजदार न्हाणीघराच्या दाराशी होता. पुढचे पाय ट्रेत, मागचे बाहेर. ट्रेत जायला निघाला होता बिचारा, बुटकी कडसुद्धा त्याला ओलांडवली नाही. मान डुलत होती, तोंडातून लाळ गळत होती. "फौजदार," तिने हाक मारली. त्याने भलतीकडेच पाहिलं. मग त्याचे पाय ताठ झाले आणि सगळं अंग झटके देऊ लागलं.

थोरलीने दोन्ही हातांनी धाकटीचं दार बडवलं. "अगं ऊठ! ऊठ ना गं! सुई दिली होतीस का तू त्याला?"

दार उघडलं. धाकटीच्या कपाळाला रुमाल घट्ट बांधलेला होता. "दिली," ती म्हणाली. "वेळेवर दिली. खाणं घालून. डोकं ठणकत होतं म्हणून गोळी घेऊन पडले होते."

दोन वर्षांनी ती थोरलीशी सरळ बोलली ती हे.

"मीही दिली," थोरली म्हणाली, आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

धाकटी बसली नाही. तिने वाटीत साखर पाण्यात कालवली, बोटाने फौजदाराच्या हिरड्यांवर चोळली, पुन्हा चोळली. "टॉवेल आण. टोपली नको, टॉवेलच. डॉक्टरीणबाईंना फोन लाव. म्हणावं, येतोय. मान वर धर त्याची, घशात नको जायला. अशी नाही, अशी." धाकटी सांगेल ते थोरली करत होती. जन्मभर धाकटीला हुकूम सोडत आलेली बाई, पण ती त्या वेळी लहान मुलीसारखी ऐकत होती, आणि इतक्या भीतीतही तिला कळत होतं की ही माझ्याशी बोलतेय.

दवाखाना बंद व्हायच्या बेतात होता. डॉक्टरीणबाईंनी फौजदाराला आत नेलं आणि दार लावून घेतलं. बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. समोरच्या भिंतीवर कुत्र्याच्या दातांचं मोठं चित्र होतं. धाकटीच्या बोटांना अजून साखर चिकटलेली होती.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुला का वाटलं, मी दिली नसेल?"

"दार बंद होतं. वाडगा रिकामा होता. तो ओरडत होता."

"तो रोजच ओरडतो. वाडगा त्याने खाल्ला म्हणून रिकामा होता."

"तू बोलत नव्हतीस."

"बोलत नव्हते. सुई देत होते."

धाकटीने कपाळावरचा रुमाल सोडला आणि त्यानेच एकेक बोट पुसू लागली.

"आई गेली त्या दिवशी तू जे बोललीस ना," ती म्हणाली, "ते मी दुःखाच्या खात्यावर टाकलं होतं. आई गेलीय, बोलली काहीबाही. म्हणेल कधीतरी, तसं नव्हतं म्हणून. मी वाट बघत होते. मला काय हौस होती बोक्याशी बोलायची? कोटाच्या दिवशीसुद्धा म्हटलं, रागात आहे. पण आज तू रागात नव्हतीस. शांतपणे सुई भरलीस. मला एक हाक मारून विचारावंसं वाटलं नाही तुला, इतकी तुझी खात्री होती. म्हणजे ते तुला खरंच वाटतं."

आवाज चढलेला नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला ती कापड किती विरलंय ते दाखवी, तशीच बोलत होती. थोरलीच्या जिभेवर 'नाही गं' आलं होतं. पण ते तिथेच अडकलं, आणि अडकलं का ते बघायला तिला भीती वाटली. ती चित्रातले दात मोजत बसली. धाकटीने थोडा वेळ वाट पाहिली, मग रुमालाची घडी घातली.

फौजदार वाचला. दोन दिवस नळीतून साखरेचं पाणी जात राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी दोघी त्याला घरी घेऊन आल्या. पण आणला तो फौजदार वेगळाच होता. त्याच्या मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नजर जवळजवळ गेली होती. सुधारेल कदाचित, कदाचित नाही. तो खुर्चीच्या पायावर आपटे, भिंतीशी तोंड करून उभा राही. आणि वाळूचा ट्रे म्हणजे काय, हे तो पार विसरला होता. थोरली त्याला उचलून ट्रेत ठेवी. तो तिथे बसून राही, कशाला आणलंय हे न कळून, मग चाचपडत बाहेर येई आणि फरशीवर करी.

"सुया आता दोन्ही वेळच्या मी देईन," धाकटीने पहिल्याच सकाळी सांगितलं. सरळ, थोरलीच्या तोंडाकडे बघून.

आता ती सगळंच सरळ बोलते. "पाणी तापलंय." "दुपारी तो निळ्या सदऱ्यावाला येऊन गेला." "मी बाहेर जातेय, दार लावून घे." राग नाही, कुरबूर नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलावं तितकंच, आणि तितक्याच चांगल्या शब्दांत. ज्या बोलण्यासाठी थोरलीने दोन वर्षं जीव टांगणीला लावला होता ते असं मिळालं. 'कात्री कुठे गाडून ठेवलीस' म्हणून आता कुणी खेकसत नाही. थोरलीला ते खेकसणं आठवून आठवून रडू येतं, आणि मग ती मशीन जोरात चालवते.

तिच्याकडे उरलं ते पुसायचं काम. घरभर जुनी कापडं अंथरायची, ओली झाली की उचलायची, धुवायची, वाळवायची, पुन्हा अंथरायची. गुडघे दुखतात, पण ती दुसऱ्या कुणाला करू देत नाही. धाकटी मागतही नाही.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. धाकटी खिडकीशी भिंग लावून कुणाच्या तरी शालीचं भोक बुजवत होती. फौजदार तिच्या खुर्चीपाशी उभा राहिला आणि तिथेच त्याने केलं. थोरली फडकं घेऊन आली, गुडघ्यांवर बसली आणि पुसू लागली. पुसता पुसता, मान खालीच ठेवून ती म्हणाली, "माझं चुकलं."

सुई थांबली. धाकटीने भिंगावरून डोळा काढला आणि शाल मांडीवर ठेवली. काम अर्धवट टाकून ती कधी कुणाशी बोलत नसे.

"काय चुकलं?" तिने विचारलं.

तिने खरंच विचारलं होतं. आवाजात टोमणा नव्हता. ती उत्तराची वाट बघत होती, आणि बाकावर पाहिली होती तशीच बघत होती, हे थोरलीला मान वर न करताही कळलं. काय म्हणायचं तेही कळलं. तिने तोंड उघडलं. डोळ्यांपुढे आई आली, आईची कूस बदलणारे धाकटीचे हात आले, आणि त्यांच्यामागून, इतकं सगळं होऊनही, मनाच्या कोपऱ्यातलं ते आडमुठं म्हणालंच, पण दवाखान्यात न्यायला तर हवं होतं.

"सुईचं," थोरली म्हणाली. "सुईचं चुकलं माझं."

"हो," धाकटी म्हणाली. तिने शाल उचलली आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.